फिल्टर बदलल्यापासून ऑईलची लाईट लुकलुकतेय, फिल्टरने प्रेशर कमी होतं का?

घाटमाथा | शनिवार, रात्री ९:५०

मंडळी जरा डोकं चालवा. डिझेल गाडी आहे, २०१५ ची, १ लाख १८ हजार किमी झालेत. मॉडेल मुद्दाम लिहित नाही नाहीतर धागा 'तीच घेतली कशाला' वर जातो. मागच्या महिन्यात बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिस केली, ऑईल नवीन, फिल्टर नवीन, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलीय तीच ५डब्ल्यू-३०.

गेल्या रविवारी सासुरवाडीहून, म्हणजे चिपळूणहून कराडला येत होतो. कुंभार्ली चढून आलो, पाटणच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो, गाडी न्यूट्रलला, आणि समोर ती लाल किटली लुकलुकायला लागली. रेस दिली की जाते, सोडली की परत. बायको म्हणाली बाजूला घे, मी म्हटलं सेन्सर असेल. (हो, माहितीये.) थंड इंजिनला येत नाही, फक्त गाडी चांगली तापल्यावर आणि फक्त आयडलला. अजून एक, सकाळी स्टार्ट केल्यावर तीन-चार सेकंद टकटक वाजतं आणि मग शांत होतं, हे आधी नव्हतं.

गॅरेजवाला म्हणतो फिल्टरचा संबंध नाही, बेअरिंग गेली असणार, हाफ इंजिन (इंजिन खोलून आतले झिजलेले पार्ट बदलणं) धरा, चाळीस हजारांच्या आसपास. दुसरा म्हणतो फिल्टर डुप्लिकेट आहे, चोक झालाय म्हणून प्रेशर मिळत नाही. तिसरा म्हणतो २०डब्ल्यू-५० टाका, लाईट जाईल, विषय संपला. कुणाचं ऐकू? शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमधल्या ऑईलच्या डागावरून दोनदा ऐकवलंय ते वेगळंच.

टवाळखोर | शनिवार, रात्री १०:०२

सोप्पं आहे. लाईटवर काळी चिकटपट्टी लावा. हलकेच घ्या.

स्पॅनर_१४ | शनिवार, रात्री १०:१५

फिल्टरच आहे डोळे झाकून सांगतो. नवीन फिल्टर टाकल्यावर सुरू झालं ना, मग अजून काय पुरावा पाहिजे. चोक फिल्टर = ऑईल पुढे जात नाही = प्रेशर डाऊन. ओरिजिनल टाक, संपलं.

केळीबाग | शनिवार, रात्री १०:४१

मला गाडीतलं फार कळत नाही भो, पण रावेरकडे केळीला ठिबक आहे आमच्याकडे, फिल्टर म्हणजे काय ते चांगलं कळतं. आमच्या फिल्टरला दोन गेज असतात, एक आधी एक नंतर. साफ फिल्टर असला की दोघांत थोडासाच फरक. फरक अर्धा किलोच्या वर गेला की समजायचं कचरा बसला, धुवा. नंतरचं गेज पडतं, शेवटच्या ओळीतल्या झाडांना पाणी पोचत नाही. गाडीतही तसंच असेल तर स्पॅनरभाऊ बरोबर बोलतायत.

गिअरपंप | रविवार, सकाळी ७:३०

केळीबाग, तुमचं उदाहरण इतकं चांगलं आहे की तेच वापरून सांगतो, फक्त एका जागी ते गाडीला लागू होत नाही आणि सगळा घोळ त्याच जागी आहे. चाकणला इंजिनच्या पार्टात आयुष्य जातंय म्हणून जरा लांबण लावणार, चहा घेऊन बसा.

तुमच्या विहिरीवरचा पंप सेंट्रिफ्युगल. पुढे अडवलं तर तो आतल्या आत पाणी घुसळत बसतो, पाणी कमी देतो. इंजिनातला ऑईल पंप तसा नसतो, तो गिअरचा किंवा जिरोटरचा असतो. रहाटगाडगं आठवा. एका फेऱ्यात जेवढी गाडगी तेवढं पाणी, वर कुणी अडवो न अडवो. क्रँक एकदा फिरला की ठरलेलं ऑईल पुढे ढकललं जाणारच. छोट्या गाडीत आयडलला मिनिटाला साधारण सहा-सात लिटर, ३००० आरपीएमला पंचवीसच्या आसपास, इंजिनप्रमाणे कमीजास्त. चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तिथे) चारेक लिटर ऑईल, म्हणजे उभ्या गाडीतही सगळं ऑईल मिनिटाच्या आत एकदा फिल्टरमधून जाऊन येतं.

आता प्रेशर. पंप ऑईल ढकलतो, आणि ते पुढे बेअरिंगच्या फटीतून निघायला जेवढं कुरकुरतं तेवढं प्रेशर बनतं. फटी अरुंद आणि ऑईल घट्ट, प्रेशर जास्त. फटी सैल झाल्या किंवा ऑईल पातळ झालं, प्रेशर कमी. या फटी साधारण २० ते ६० मायक्रॉनच्या असतात, डोक्याचा केस ७०-ऐंशीचा धरला तर कल्पना येईल.

आणि लाईटचा स्विच बहुतेक गाड्यांत फिल्टरच्या नंतर, मेन गॅलरीवर (इंजिनभर ऑईल वाटणारी मुख्य वाट) बसतो. म्हणजे केळीबागांचं दुसरं गेज. पहिलं गेज गाडीत नसतंच. मग फिल्टर थोडा चोक झाला तर काय होईल? पंप तेवढंच ऑईल ढकलणार, फिल्टरच्या आधीचं प्रेशर वाढणार, नंतरचं जवळजवळ तेवढंच राहणार. पंपाला जोर जास्त लागेल इतकंच. ठिबकवाल्यांचं नंतरचं गेज पडतं कारण त्यांचा पंप हार मानतो, आपला मानत नाही.

अजून जास्त चोक झाला तर बायपास वाल्व उघडतो. फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक साधारण एक बारच्या (बार म्हणजे गेजवरचा जवळजवळ एक किलो) घरात गेला की (कुठे ०.७, कुठे दीडच्या वर) ऑईल कागद सोडून बाजूने जातं. न गाळलेलं जातं, पण जातं. म्हणून स्पॅनर_१४, चोक फिल्टर सहसा लाईट लावतच नाही, तो गुपचूप मळकं ऑईल बेअरिंगला पाजत राहतो. लाईट लागली असती तर उलट बरं झालं असतं.

स्पॅनर_१४ | रविवार, सकाळी ८:१०

मग फिल्टरने प्रेशर कधीच कमी होत नाही असं म्हणायचंय का? मी स्वतः पाहिलंय फिल्टर बदलल्यावर काटा वर गेलेला.

गिअरपंप | रविवार, सकाळी ८:३५

होतं की. पंपात एक रिलीफ वाल्व असतो, चार-पाच बारच्या वर गेलं की जास्तीचं ऑईल परत चेंबरमध्ये किंवा पंपाच्या तोंडाशी सोडतो. ठरलेलं ऑईल पुढे जाणारच हे जे वर म्हटलं ते हा वाल्व बंद आहे तोवरच. थंड इंजिन, घट्ट ऑईल, वर रेस दिली, वाल्व उघडला. आता फिल्टरच्या आधीचं प्रेशर पाच बारला बांधलं गेलं, मग फिल्टर जेवढं खाईल तेवढं गॅलरीला कमी. फिल्टरने १ बार खाल्लं, गॅलरीला ४. तुमचा काटा बहुतेक अशा वेळी वर गेला असेल. (काही इंजिनात वाल्वला इशारा फिल्टरनंतरच्या गॅलरीतून मिळतो, तिथे हे गणित बदलतं.)

पण धागाकर्त्याची केस बरोब्बर उलटी आहे. गरम ऑईल, आयडल. अशा वेळी ऑईल पाण्यासारखं, वाहतंय कमी, चांगला फिल्टर ०.१-०.२ बार खातो, कधी तेवढंही नाही. लाईट लागते ०.३ ते ०.५ बारच्या खाली. कागदाचा इथे काही संबंध नाही.

लाल_अल्टो | रविवार, सकाळी ९:२०

वाचनखूण साठवली. थंड-गरमचा मुद्दा मी एका वाक्यात सांगते, माहेर शिरोळचं आहे म्हणून सुचलं. गुऱ्हाळावर गरम काकवी फडक्यातून भसाभसा गळते, तीच थंड झाली की फडकं धरून हात दुखतात पण खाली थेंब पडत नाही. फडकं तेच.

गिअरपंप, आकडे असतील तर टाका ना, ५डब्ल्यू-३० गरम आणि थंड.

गिअरपंप | रविवार, सकाळी ९:४५

१०० डिग्रीला कुठलंही ३० ग्रेडचं ऑईल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये (घट्टपणा मोजायचं माप) बसावं लागतं, ४० ग्रेड १२.५ ते १६.३. तेच ५डब्ल्यू-३० चाळीस डिग्रीला साठ-सत्तरच्या आसपास, आणि महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या सकाळी काही शे. कागदावर पडणारा फरक हा घट्टपणा गुणिले प्रवाह भागिले कागदाचं क्षेत्रफळ असा चालतो, म्हणजे ऑईल वीस-तीस पट घट्ट तर तेवढ्याच प्रवाहाला फरकही वीस-तीस पट. म्हणून सकाळच्या पहिल्या मिनिटात नवा कोरा फिल्टरसुद्धा बायपास उघडू शकतो, आणि म्हणून थंड गाडी सुरू करून लगेच चार हजारला नेऊ नये.

क्षेत्रफळ म्हणूनच कागदाला घड्या घालतात. बारीक गाळायचं आणि वाट पण अडवायची नाही, तर एकच उपाय, कागद जास्त कोंबा. स्वस्त फिल्टरमध्ये पैसे तिथेच वाचवतात.

बर्फातला_बाळू | रविवार, सकाळी १०:३०

एडमंटनहून, कॅनडा. इकडे हिवाळ्यात उणे तीसपर्यंतही जातं, महाबळेश्वरचं कौतुक सांगू नका ;)

इथे गॅरेजमध्ये एक फुगलेला फिल्टर बघितला होता, डबा अक्षरशः टम्म पुरीसारखा. मालकाने उन्हाळ्यातलं १५डब्ल्यू-४० तसंच ठेवलेलं, सकाळी स्टार्ट केली, रिलीफ वाल्व अडकलेला, सगळा जोर डब्यावर. फुगलेला फिल्टर दिसला की फिल्टर कंपनीला शिव्या द्यायच्या आधी रिलीफ वाल्व बघायचा हे तेव्हा शिकलो. ०डब्ल्यू, ५डब्ल्यूमधला तो आकडा यासाठीच असतो, ०डब्ल्यू ऑईल उणे ४० ला पंपात ओढलं जाईल इतपत पातळ राहावं लागतं, १५डब्ल्यूची तीच चाचणी उणे २५ ला. तुमच्याकडे निफाडची थंडी धरली तरी १५डब्ल्यू काही जाम होत नाही.

दापोडीकर_काका | रविवार, दुपारी १२:०५

वाचतोय केव्हापासून. मी यष्टीत होतो, दापोडीच्या वर्कशॉपला सव्वीस वर्षं काढली, आता रिटायर, नातू टाईप करून देतोय. तेव्हाच्या गाडीला लाईट नव्हती, काट्याचं मीटर होतं आणि ड्रायव्हर घाटात रस्त्याइतकंच त्या काट्याकडे बघायचा, दोन किलो सव्वादोन किलो, आणि आयडलला काटा एक किलोच्या खाली बसायला लागला की डेपोत आल्या आल्या शेरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो ती गाडी घ्यायचाच नाही. लाईट आली आणि माणसं आंधळी झाली बघा, कारण लाईट लागते तेव्हा अर्धा किलोही उरलेलं नसतं, तीन किलोवरून एक किलोवर आलेलं तुम्हाला कळतच नाही.

त्या घाटमाथ्याला सांगा पहिलं काम, स्विच काढून तिथे काट्याचं गेज लाव. कुठल्याही डिझेल पंपवाल्या मिस्त्रीकडे असतं. गाडी गरम कर आणि आकडे लिहून घे, थंड आयडल, गरम आयडल, गरम अडीच हजार. आकडे हातात नसताना हाफ इंजिन सांगणारा मिस्त्री म्हणजे थर्मामीटर न लावता सलाईन लावणारा डॉक्टर.

आणि २०डब्ल्यू-५० सांगणाऱ्याकडे परत जाऊ नको. जाड ऑईलने काटा वर जातो खरा, पण काटा वर गेला म्हणजे बेअरिंगला जास्त ऑईल मिळालं असं नाही, तेच ऑईल फटीतून कष्टाने निघतंय म्हणून काटा वर. ताप उतरवला, दुखणं तसंच. वर टर्बोचा शाफ्ट, तो मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारतो, त्याला सकाळी ऑईल उशिरा पोचलं तर त्याचं काम आधी होईल मग तुझ्या बेअरिंगचं.

घाटमाथा | रविवार, दुपारी १:१०

काका दंडवत. उद्या गेज लावतो. ऑईलची लेव्हल बघितली, बरोबर मधोमध आहे.

लाल_अल्टो | रविवार, दुपारी १:२५

लेव्हल *वाढली* नाही ना बघा. बीएस६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना डिझेल ऑईलमध्ये उतरतं, लेव्हल चढते, ऑईल पातळ होतं, आयडलला प्रेशर पडतं. तुमची २०१५ ची म्हणजे डीपीएफ नसेल बहुधा, पण इंजेक्टर गळत असेल तरी तेच. डिपस्टिकचा वास घ्या.

घाटमाथा | रविवार, दुपारी १:३२

घेतला. ऑईलचाच वास आहे. बायको गॅलरीतून बघत होती, आता अजूनच काळजीत.

लाल_अल्टो | रविवार, दुपारी २:१५

तोवर डुप्लिकेट फिल्टरबद्दल माझा अनुभव. मागे हायवेच्या एका दुकानातून घेतलेला एक आणि माझा नेहमीचा एक, दोन्ही वापरून झाल्यावर कापून बघितले. करवतीने कापू नका, लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग इंजिनाचा कीस कुठला आणि करवतीचा कुठला ते कळत नाही, मी पाईप कटरने कडा कापली. नेहमीच्यात घड्या मोजल्या ६१, दुसऱ्यात ३८. आणि दुसऱ्यातल्या घड्या एका बाजूला गोळा होऊन मधे बोट जाईल एवढं भगदाड. म्हणजे ऑईल कागदातून जायच्या ऐवजी भगदाडातून. गंमत म्हणजे असा फिल्टर प्रेशरला सगळ्यात चांगला, अडवतोच कुठे! 'नवीन फिल्टरने प्रेशर मस्त मिळतंय' यावर खूश होणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

दुसरं, तोंडाशी भोकांच्या मागे रबराची चकती असते ना, अँटी ड्रेनबॅक वाल्व. इंजिन बंद केलं की फिल्टरमधलं ऑईल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून. नेहमीच्यात ती मऊ होती, दुसऱ्यात कडक, प्लास्टिकच्या झाकणासारखी. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही चकती मेली की रात्रभरात फिल्टर रिकामा, सकाळी पंप आधी डबा भरणार आणि मग इंजिनाला देणार. तेवढ्यात तीन-चार सेकंद टकटक.

टवाळखोर | रविवार, दुपारी २:४०

तीन-चार सेकंद टकटक? हे वाक्य वर कुठेतरी वाचलंय.

स्पॅनर_१४ | रविवार, दुपारी २:४४

बघा!! फिल्टरच निघाला ना शेवटी!!

गिअरपंप | रविवार, दुपारी ३:३०

थांबा थांबा. टवाळखोरने आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काहीतरी लिहिलंय. घाटमाथा, तुमचा फिल्टर बाहेरून फिरवून लावायचा लोखंडी डबा आहे, की प्लास्टिकचं झाकण उघडून आत नुसता कागदाचा पिवळा-पांढरा दंडगोल घालायचा?

घाटमाथा | रविवार, दुपारी ३:३८

झाकणवाला. वरून काळं झाकण, मोठ्या पान्याने उघडतात.

गिअरपंप | रविवार, दुपारी ४:२०

मग ऐका, मला आता बराच संशय येतोय.

कागदी फिल्टरच्या बऱ्याच हाउसिंगना तळाशी एक भोक असतं, थेट चेंबरमध्ये उतरणारं. कशासाठी, तर झाकण उघडलं की आतलं ऑईल खाली निघून जावं, मेकॅनिकच्या हातावर आणि इंजिनवर सांडू नये. झाकणाला आतून एक लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला छोटी ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी. झाकण घट्ट केलं की ते टोक भोकात बसतं आणि रिंग भोक बंद करते. सगळ्या गाड्यांना हे नसतं, पण झाकणवाल्यांत खूप ठिकाणी असतं.

आता ती छोटी रिंग टाकलीच नाही, किंवा जुनी कडक तुटकी तशीच ठेवली. हाउसिंगमधलं दाबातलं ऑईल त्या भोकातून थेट चेंबरमध्ये. बेअरिंगपर्यंत जायचं कष्टच नाहीत, शॉर्टकट. थंड असताना ऑईल घट्ट, एवढ्याशा फटीतून थोडंच निघतं, लाईट नाही. रेस दिली, पंप भरपूर देतोय, थोडं गळलं तरी उरतं, लाईट नाही. गरम आणि आयडल, पंप देतोय कमी आणि ऑईल पाण्यासारखं, लाईट. आणि रात्री गाडी उभी असताना तेच भोक हाउसिंग रिकामं करतं, सकाळी टकटक. दोन्ही तक्रारी एका रबरात बसतात. आणि दोन्ही सर्व्हिसनंतरच सुरू झाल्या, बेअरिंग काही सर्व्हिसचा मुहूर्त बघून झिजत नाही.

केळीबाग, तुमच्या भाषेत सबमेनच्या (ठिबकच्या पाईपच्या) टोकाचा, धुवायचा फ्लश वाल्व थोडा उघडा राहिलाय.

केळीबाग | रविवार, दुपारी ४:५०

आता कसं समजलं भो! मागच्या उन्हाळ्यात सालदाराने हेच केलं होतं. मी दोन दिवस मोटर खोलून बसलो, फिल्टर तीनदा धुतला, अन् शेताच्या टोकाला जाऊन बघतो तर फ्लशच्या तोंडाशी चिखल अन् त्यात बगळे.

दापोडीकर_काका | रविवार, संध्याकाळी ५:१५

गिअरपंप बरोबर बोलतोय पण आधी गेज. घाटमाथा, फिल्टर आला तो खोका टाकलास का रे? या कागदी फिल्टरबरोबर रिंगांची एक छोटी प्लास्टिकची पिशवी येते.

घाटमाथा | रविवार, संध्याकाळी ५:५०

काका काय सांगू. खोका डिकीतच होता, बिल त्यात ठेवलं होतं म्हणून. वर बिल, त्याखाली पोरीचे दोन क्रेयॉन, आणि तळाशी पिशवी. पिशवी एका बाजूने फाडलेली. आत एक छोटी हिरवट रिंग, करंगळीच्या नखाएवढी. आणि एक चपटं ॲल्युमिनियमचं वॉशर. झाकणाची मोठी रिंग तेवढी नाहीये, ती वापरली असणार.

दहा मिनिटं ती रिंग हातात घेऊन पार्किंगमध्ये बसलो होतो.

टवाळखोर | रविवार, संध्याकाळी ५:५३

चाळीस हजारांची रिंग. साखरपुड्याला एवढी घेतली होती का?

गिअरपंप | रविवार, संध्याकाळी ६:०५

उद्या आधी गेज लावून आकडे घ्या, मग झाकण उघडा, रिंग बदला, परत गेज. त्याशिवाय कुणाचंच काही सिद्ध होत नाही, माझंही नाही. रिंगला ऑईलचं बोट लावून बसवा, कोरडी बसवली तर झाकण फिरताना पिळून तुटते. झाकणावर टॉर्क (किती जोराने घट्ट करायचं ते) लिहिलेला असतो, बहुतेक २५ न्यूटनमीटर, पण स्वतःच्या झाकणावरचाच आकडा पाळा. पहिलवानी करू नका, प्लास्टिक आहे.

बर्फातला_बाळू | सोमवार, सकाळी ८:४०

उत्तर येईपर्यंत एक अवांतर. गाडीला फिल्टर असतो हीच गोष्ट शंभरेक वर्षांची. अर्नेस्ट स्वीटलंडने १९२३ मध्ये पेटंट घेतलं आणि नाव ठेवलं प्युरोलेटर, 'प्युअर ऑईल लेटर'चा जोडशब्दी मसाला. सुरुवातीचे फिल्टर सगळं ऑईल गाळत नव्हते, थोडंसं बाजूला काढून गाळून परत सोडायचे, म्हणून ते कितीही बारीक गाळले तरी इंजिनाच्या प्रेशरला धक्का नसे. सगळंच ऑईल फिल्टरमधून न्यायचं ठरलं तेव्हा कुठे बायपास वाल्वची ही भानगड आली. आणि फोक्सवॅगनची जुनी बीटल तर कागदाच्या फिल्टरशिवायच, नुसत्या जाळीवर चालली.

स्पॅनर_१४ | सोमवार, सकाळी ९:०५

बीटल कशाला, आपली स्प्लेंडर बघा ना. जाळी आणि क्रँकवर फिरणारी वाटी, मळ वाटीच्या कडेला जाऊन बसतो. कागद नाहीच. गावात लाख-लाख किमी चालल्यात.

लाल_अल्टो | सोमवार, सकाळी ९:३०

हे मात्र खरं. अर्थात तिथे बायपासही नाही, ऑईल वेळेवर बदललं नाही तर वाटी भरते आणि मग मळ कुठे जाणार?

फिल्टर किती बारीक हे डब्यावरच्या मायक्रॉनवरून ठरवू नका एवढं मी घालते. '२० मायक्रॉन' याला एकट्याला अर्थ नाही, २० मायक्रॉनचे किती टक्के कण पकडतो ते विचारा. आयएसओ ४५४८-१२ ची चाचणी असते त्यासाठी. बीटा ७५ म्हणजे पंचाहत्तर कण आले तर एक सुटतो, ९८.७ टक्के. बीटा २ म्हणजे अर्धे सुटतात. डब्यावर २० दोघांच्याही.

घाटमाथा | सोमवार, रात्री ९:१५

झालं!! सविस्तर लिहितो, जेवण पण नाही झालंय.

ओगलेवाडीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. काकांचं वाक्य ऐकवलं, थर्मामीटरचं, ते हसत सुटले आणि गेज काढलं. घरून निघालो तेव्हा गाडी थंडच होती, त्यांच्या दारात अर्धा तास उभी ठेवून मग आकडे.

थंड आयडल ३.१ किलो. मग कोयनानगरच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर फिरवून आणली. गरम आयडल ०.४, काटा थरथरत होता आणि लाईट पण त्याच तालावर. गरम अडीच हजारला २.२.

झाकण उघडलं. दांड्याच्या टोकाला रिंग होती, पण कसली, काळी, कडक, चपटी, आणि एका जागी तुटलेली, इंग्रजी सी सारखी. मिस्त्रींनी नखाने उचलली तर तिचे दोन तुकडे झाले, बांगडीसारखा आवाज आला. फिल्टरचा कागद व्यवस्थित होता, ओरिजिनलच होता हो तो, त्या बिचाऱ्याला महिनाभर शिव्या घातल्या. मिस्त्रींनी खोबणी कापडाने पुसली (कॉटन वेस्टने नाही, धागा राहतो म्हणाले), पिशवीतली हिरवट रिंग ऑईल लावून बसवली, झाकण २५ ला घट्ट.

परत तेवढंच फिरवून आणली. गरम आयडल १.३. अडीच हजारला ३.४. एसी लावून दहा मिनिटं उभी ठेवली, १.२ च्या खाली काटा गेलाच नाही.

मिस्त्रींनी किती घेतले सांगू? दीडशे. गेज लावायचे आणि काढायचे. रिंग तुझीच होती म्हणाले.

केळीबाग | सोमवार, रात्री ९:३०

बगळे उडाले म्हणायचे.

दापोडीकर_काका | सोमवार, रात्री ९:४५

शाब्बास. आता महिनाभर ०.४ वर चाललीय ती गाडी, हे विसरू नको. घाटात रेसवर होती म्हणून वाचली असेल, पण पुढचं ऑईल लवकर बदल आणि जुनं काढलेलं पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात बघ, सोनेरी-तांबूस चमक दिसली तर बेअरिंगने थोडं सोसलंय. कापलेला कागदही उलगडून बघ. आणि महिन्यातून एकदा गेज लावत जा, दीडशे रुपये काही जास्त नाहीत.

स्पॅनर_१४ | सोमवार, रात्री ९:५२

तरी मी फिल्टरच म्हणत होतो. फिल्टरची रिंग म्हणजे फिल्टरच की.

गिअरपंप | सोमवार, रात्री १०:००

स्पॅनर_१४, घ्या, अर्धा मार्क तुम्हाला. कारण ठरलं फिल्टरच्या घरातच, फक्त अडवण्याने नाही, गळण्याने.

घाटमाथा, एक शंका. पिशवीत छोटी रिंग आणि एक ॲल्युमिनियम वॉशर होतं म्हणालात. रिंग लागली. वॉशर?

घाटमाथा | सोमवार, रात्री १०:०६

पिशवीतच आहे. ते कशाचं असतं?

लाल_अल्टो | सोमवार, रात्री १०:०८

ड्रेन प्लगचं.

टवाळखोर | सोमवार, रात्री १०:०९

सेक्रेटरींना नमस्कार सांगा.

घाटमाथा | सोमवार, रात्री १०:२०

आत्ता खाली जाऊन गाडीखाली पुठ्ठा सरकवून आलोय. सकाळी बघतो.

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ६:४५

चार थेंब. टकटक मात्र अजिबात नाही.